स्टेडियमचा मालक कोण असावा?

(मरोळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी फुटबॉल स्टेडियमचा विषय निवडला गेला, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. महागाई, कंत्राटी कामगार, घरांचा प्रश्न असे विषय समोर असताना खेळाच्या इमारतीवर तासभर खर्च करावा काय, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अंधेरी-मरोळसारख्या भागात जमीन हीच सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत महाग वस्तू झालेली आहे. अशा ठिकाणी स्टेडियमचा प्रश्न हा प्रथम जमिनीच्या वाटपाचा, नंतर सार्वजनिक पैशाचा आणि शेवटी खेळाचा प्रश्न ठरतो. म्हणूनच तो आपला विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुंबई सिटी हा आपल्या शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झाला. पहिले दोन हंगाम तो नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. तेथे पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. २०१६ मध्ये त्याने आपले ठाणे अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात हलविले. मरोळ नाक्याला मेट्रोत बसले, की पाचव्या स्थानकावर, आझाद नगरला, आपण या संकुलापाशी उतरतो. येथे सुमारे सात हजार प्रेक्षकांचीच सोय आहे. याच लहान मैदानाला घर मानणाऱ्या या संघाने २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये लीगचे विजेतेपद मिळविले. परंतु २०२३ मध्ये आशियातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेत घरचे सामने खेळण्याची वेळ आली, तेव्हा ते अंधेरीत झाले नाहीत. इराणच्या संघाशी सामना पुण्याच्या बालेवाडीत झाला आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालशी नेरूळला.

एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहरातील विजेत्या संघाचे घर सात हजार आसनांचे असावे, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना खुपते. उपनगरात क्लबचे स्वतःचे, मोठे, नवे स्टेडियम असावे अशी इच्छा त्यातून निर्माण होते. या इच्छेची आपण टिंगल करू नये. खेळ पाहणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असा एक सूर आपल्या चळवळीत अधूनमधून उमटत असतो. तो चुकीचा आहे. पाळी संपवून कूपरेजवर धावत जाणारा कामगार हा या शहराच्या फुटबॉलचा खरा आधार होता. मरोळच्या गावठाणात आणि आसपासच्या वस्त्यांत आजही क्रिकेटइतक्याच जिव्हाळ्याने फुटबॉल खेळला जातो. तेव्हा आपला वाद खेळाशी नाही आणि मोठ्या स्टेडियमशीही नाही. ते कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या मालकीचे व्हावे, एवढाच आपला प्रश्न आहे.

अंधेरीचे संकुल कोणाचे आहे? दूरचित्रवाणीवर त्याचे नाव 'मुंबई फुटबॉल अरीना' असे येते, त्यामुळे ते क्लबचेच असावे असा अनेक तरुणांचा समज झाला आहे. वस्तुतः ते बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आहे. १९८८ साली सुरू झालेले हे संकुल नागरिकांच्या करातून उभे राहिले. क्लब तेथे भाडेकरू म्हणून खेळतो. आणि मी आज जे प्रतिपादन करणार आहे ते एका वाक्यात सांगायचे, तर व्यावसायिक क्लबाने भाडेकरूच राहावे आणि महापालिकेने मालक राहावे, हेच शहराच्या हिताचे आहे. मात्र मालकाने मालकासारखे वागले पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू आहे.

ही दुसरी बाजू समजण्यासाठी याच मैदानाचा एक प्रसंग आठवावा. १ नोव्हेंबर १९९६ रोजी येथे मायकेल जॅक्सन या अमेरिकी गायकाचा कार्यक्रम झाला. तत्कालीन राज्य सरकारने त्या कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने या माफीला उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०११ मध्ये न्यायालयाने सरकारला फेरनिर्णय करण्यास सांगितले आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सव्वातीन कोटी रुपयांहून अधिक रकमेची ती माफी पुन्हा मंजूर केली. मैदान लोकांचे, कर लोकांचा, आणि तो सोडून देण्याचा अधिकार मात्र मंत्रालयाचा. पंचवीस वर्षे चाललेल्या या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट केली. मालमत्ता कागदोपत्री सार्वजनिक असणे पुरेसे नसते. तिचा वापर कोणत्या अटींवर होतो, हे पाहणारे नागरिक संघटित असावे लागतात.

आता मालकी महापालिकेचीच का असावी, याची कारणे पाहू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथम सुचणारे कारण आयुर्मानाचे आहे. स्टेडियम ही पन्नास वर्षे टिकणारी स्थावर भांडवली मालमत्ता आहे. व्यावसायिक संघ किती वर्षे टिकतो? आपल्याच राज्याचा इतिहास तपासावा. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. पुढे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशा संघांनी कूपरेज गाजविले. त्या व्यवस्थेत खेळाडू हा कंपनीचा नोकर असे. गुडघा निकामी झाला तरी त्याची नोकरी राहात असे, ही त्या व्यवस्थेची मोठीच जमेची बाजू होती. परंतु संघ कंपनीच्या मर्जीवर जगत. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफ. सी. हा क्लब २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि मोडीत निघाला.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. एफ. सी. पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये बंद पडला. लीगमध्ये त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही आपले नाव बदलून दिल्लीला गेला. अकरा वर्षांत एक जागा तीन शहरे फिरली! परंतु ज्या बालेवाडीत पुण्याचा संघ खेळत असे, ते श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल कोठेही गेले नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते सार्वजनिक पैशाने बांधले गेले. २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि २०२३ मध्ये मुंबईच्या संघालाही तेच उपयोगी पडले. पुण्याच्या क्लबला जमीन देऊन त्याच्या मालकीचे स्टेडियम उभे केले असते, तर आज त्या जमिनीवर काय उभे राहिले असते, याची कल्पना आपण मुंबईकरांनी सहज करावी.

मुंबई सिटीची कथा याच वळणाची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुप या जागतिक कंपनीने घेतला. मँचेस्टर सिटीसह अनेक देशांतील क्लब या कंपनीकडे आहेत आणि तिच्यात मुख्य गुंतवणूक अबुधाबीची आहे. त्या वेळी वृत्तपत्रांनी परकीय भांडवलाचे मोठे स्वागत केले. २०२५ मध्ये लीगचे व्यापारी हक्क सांभाळणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातील करार संपत आला, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि लीगच स्थगित झाली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडून मुंबईतून काढता पाय घेतला आणि क्लब मूळच्या मालकांकडे परतला. फेब्रुवारी २०२६ मध्ये लीग सुरू झाली, ती आखूड स्वरूपात. १४ संघ आणि एकूण ९१ सामने, म्हणजे एका संघाच्या वाट्याला घरचे सहा किंवा सात सामने.

परकीय कंपनी येथे सहा वर्षे राहिली. तिच्या आग्रहावरून पन्नास वर्षांच्या स्टेडियमसाठी सरकारने जमीन दिली असती, रस्ते बांधले असते, कर्जाला हमी दिली असती, तर उरलेल्या चव्वेचाळीस वर्षांचा बोजा कोणी वाहिला असता? कंपनीला मी दोष देत नाही. भांडवल नफ्याच्या मागे जाते आणि नफा आटला की निघून जाते, हा त्याचा धर्मच आहे. दोष द्यायचा तो भांडवलाचा हा धर्म माहीत असूनही त्याच्याशी कायमचा संसार मांडणाऱ्या शासनाला.

याच कंपनीच्या मूळ शहरात काय घडले, तेही पाहू. मँचेस्टर सिटी ज्या स्टेडियमवर खेळतो, ते २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधले गेले आणि ते मँचेस्टरच्या नगरपालिकेचे आहे. जगातील अत्यंत श्रीमंत असा हा क्लब तेथे २००३ पासून भाडेकरू आहे. मूळ करारात क्लबने आपले माईन रोडचे जुने मैदान नगरपालिकेच्या हवाली केले. जुन्या मैदानाच्या क्षमतेहून जास्त प्रेक्षक आले, तर तिकिटांच्या त्या वाढीव उत्पन्नात नगरपालिकेचा वाटा ठरला. पुढे अटी बदलून ठरावीक वार्षिक रक्कम मुक्रर झाली, पण मालकी नगरपालिकेकडेच राहिली. भाडेकरू असल्यामुळे विजेतेपदे अडली नाहीत. जी गोष्ट मँचेस्टरला चालते ती अंधेरीला का चालू नये?

केवळ सार्वजनिक मालकी असली म्हणजे सर्व काही साधते, असेही नाही. लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियमचे फुटबॉलसाठी रूपांतर करताना ३० कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. त्यानंतर ते २०१६ पासून वेस्ट हॅम या क्लबला ९९ वर्षांच्या करारावर, वर्षाला सुमारे २५ लाख पौंड भाड्याने दिले गेले. सामने भरविण्याचा मोठा खर्च सार्वजनिक संस्थेकडेच राहिल्याने करदात्याला दरवर्षी तोटा सोसावा लागला. अमेरिकेत ओकलंडने १९९५ मध्ये तेथील अमेरिकी फुटबॉलच्या संघाला परत आणण्यासाठी कर्जरोखे काढून स्टेडियमचा विस्तार केला. २०२० मध्ये तो संघ लास व्हेगासला गेला, कारण तेथे त्याला नव्या स्टेडियमसाठी ७५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा मिळाला. संघ गेला, तरी ओकलंडचे कर्ज फिटलेले नव्हते.

स्टेडियममुळे परिसराचा विकास होतो, रोजगार वाढतो, हा युक्तिवाद आपल्याला नेहमी ऐकविला जाईल. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात या दाव्याची कसून तपासणी झाली आणि तो टिकला नाही. कारण साधे आहे. मरोळमधील एखादे कुटुंब महिन्याला करमणुकीवर जे चार पैसे खर्च करते, तेवढेच ते पुढेही करील. सामन्याला गेले, तर त्या महिन्यात सिनेमाला जाणार नाही. नाक्यावरच्या उडप्याकडे डोसा खाण्याऐवजी स्टेडियममधील ठेकेदाराच्या दुकानात दुप्पट भावाने वडापाव खाईल. खर्च वाढत नाही, त्याची जागा बदलते आणि तो छोट्या दुकानदाराकडून मोठ्या ठेकेदाराकडे जातो. रोजगार म्हणाल, तर वर्षातून दहा-बारा दिवस लागणारे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार कंत्राटी असतात. त्यांना कायम नोकरी देणारे स्टेडियम माझ्या पाहण्यात नाही.

आता थोडा वेगळा हिशेब मांडतो. फुटबॉलचे पूर्ण आकाराचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर. असे एक मोकळे मैदान सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास मुलांना खुले ठेवले आणि दर तासाला २२ मुले खेळली, तर दिवसाला १३२ खेळ-तास होतात. पावसातही खेळला जाणारा हा खेळ वर्षातून ३०० दिवस चालला, असे धरा. वर्षाला ३९,६०० खेळ-तास झाले. याउलट एखाद्या क्लबने आपल्यापुरते राखून ठेवलेल्या स्टेडियमवर पूर्ण हंगामात १२ घरचे सामने झाले, तर २२ खेळाडूंचे दीड-दीड तासाचे मिळून ३९६ खेळ-तास होतात. शंभरास एक असे हे प्रमाण आहे. प्रेक्षकांचा आनंद यात धरलेला नाही, आणि तोही मोलाचा आहे. पण पाहण्यासाठी एक जागा हवी असेल, तर खेळण्यासाठी अनेक हव्यात, हा क्रम या हिशेबातून निश्चित होतो. आज उपनगरांत कृत्रिम गवताची खाजगी 'टर्फ' तासाच्या भाड्याने मिळतात आणि ते भाडे हजाराच्या घरात असते. ज्याचा बाप रिक्षा चालवतो किंवा एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे, त्या मुलाने कोठे खेळावे? व्यावसायिक क्लबला उद्या लागणारा खेळाडू याच घरांतून येणार असतो, हे तरी क्लबांनी ध्यानात घ्यावे.

जमिनीच्या बाबतीत मरोळकरांना फारसे शिकविण्याची गरज नाही. एकेकाळी शेतीवर जगणाऱ्या या गावांच्या जमिनी एमआयडीसी, सीप्झ आणि विमानतळ यांच्या पोटात गेल्या. आरेच्या जंगलाकडे सरकारने मोकळी जमीन म्हणून पाहिले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडे तोडली गेली, हे आपण पाहिले आहे. गिरण्यांच्या जमिनींचा धडाही विसरण्याजोगा नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमानुसार त्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळावयाचा होता. २००१ मध्ये नियमाची शब्दरचना अशी बदलली, की हिस्सा संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीतून काढावयाचा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. काही शब्दांच्या फेरफाराने गिरणगाव शेकडो एकर मोकळ्या जागेला आणि घरांना मुकले. जानेवारी २०१६ मध्ये मैदाने आणि उद्याने खाजगी संस्थांना सांभाळण्यास देण्याचे धोरण महापालिकेत मंजूर झाले. नागरिकांनी ओरड केली, म्हणूनच मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले.

तेव्हा उपनगरात नव्या स्टेडियमचा प्रस्ताव कोणत्याही क्लबने आणला, तर आपली भूमिका काय असावी? माझ्या मते ती पाच मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला, जमीन आणि इमारत यांची मालकी महापालिकेकडेच राहावी. क्लबला मुदतीचा वापर-करार द्यावा आणि तो संघ बंद पडला, विकला गेला किंवा स्थलांतरित झाला, तर आपोआप संपावा. दुसरा, भाडे ठरावीक असावे आणि त्याखेरीज तिकिटे, जाहिराती व नामकरण यांच्या उत्पन्नात महापालिकेचा वाटा असावा. सामन्याच्या दिवशीचा खर्च क्लबने सोसावा. तिसरा, स्टेडियमच्या नावाखाली जादा चटईक्षेत्र, मॉल किंवा कार्यालयांच्या इमारती यांना परवानगी नसावी, कारण पुष्कळदा खेळ हे निमित्त असते आणि बांधकाम हा खरा धंदा असतो. चौथा, सामने नसतील त्या दिवशी सरावाची मैदाने महापालिका शाळांतील मुलामुलींना ठरलेल्या तासांना विनामूल्य खुली असावीत. २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषकाचे सामने अंधेरीत झाले, त्याच मैदानाच्या आसपासच्या मुलींना सरावाला जागा मिळू नये, हे शोभणारे नाही. पाचवा, तेथील सफाई आणि सुरक्षा कामगारांची जबाबदारी ठेकेदारावर न ढकलता किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि कामाची हमी करारातच लिहिलेली असावी.

या अटी घातल्या तर कोणी येणार नाही, असे सांगितले जाईल. मँचेस्टरला भाडेकरू मिळाला, अंधेरीला २०१६ पासून मिळाला. ज्याला खेळ चालवायचा आहे तो येईल. ज्याला जमीन हवी आहे तो येणार नाही, आणि त्याने न आलेलेच बरे.

मित्रहो, मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासकाच्या सहीने कारभार चालला आणि प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. मृणालताई गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेल्या, त्या हातात पाण्याच्या प्रश्नाचे तपशील घेऊन. मैदानांच्या प्रश्नावर आपणही तेच केले पाहिजे. के-पूर्व विभागात विकास आराखड्यानुसार मैदानासाठी राखीव भूखंड कोणते, त्यांपैकी किती महापालिकेच्या ताब्यात आले, किती जागांवर फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, याची यादी आपल्या शाखांनी येत्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष फिरून तयार करावी. अंधेरीच्या संकुलाच्या वापराचा करार माहितीच्या अधिकाराखाली मागवावा. भाडे किती, मुदत किती आणि शालेय मुलांसाठी तास किती राखलेले आहेत, हे वाचून ते वस्तीसभेत सांगावे. ती यादी आणि तो करार हातात घेऊन आपल्या नगरसेवकाच्या दारात जावे. हे काम फुटबॉलचे चाहते असलेल्या तरुणांना बरोबर घेऊन करावे. त्यांच्याइतके मैदानाचे मोल जाणणारा दुसरा कार्यकर्ता आपल्याला मिळणार नाही.